नवव्या बाटलीचं हसू

थंड खोलीचं दार मी बाहेरून ओढलं आणि त्याच क्षणी आतून कुणीतरी ढकललं. माझ्या कपाळाला टेंगूळ आलं. त्याच्या हातात तीन बाटल्या... एकही फुटली नाही.

"वाचल्या!" तो म्हणाला.

"आणि माझं डोकं?"

"ते फुटलं असतं तर आतलं बघायला मिळालं असतं. मेंदूवरच काम करता ना तुम्ही?"

शेजारच्या प्रयोगशाळेतला केमिस्ट. भुकट्या मोजून मोजून मास्क तोंडाला कायमचा चिकटलेला. दिसायचे फक्त डोळे, पण तेवढेच पुरेसे आगाऊ होते!

"मेंदूच्या बाहेरच्या थरात काही पेशी इतरांना गप्प बसवतात," मी म्हटलं. "आमच्या आत्यासारख्या. पण ॲसिटिलकोलिन नावाचं मेंदूतलं रसायन आलं की त्यांतल्या काही जाग्या होतात आणि चक्क दुसऱ्या आत्यांनाच गप्प करतात."

"म्हणजे पोरांची चंगळ!"

"हो. हे पेशीवरच्या नेमक्या कुठल्या रिसेप्टरमुळे, म्हणजे ते रसायन पकडणाऱ्या रेणूमुळे, घडतं ते सिद्ध करायचंय. नाहीतर माझा प्रबंध बोंबलला."

"आणि तुमच्या आत्यांना कोण गप्प करतं?"

"तो माणूस अजून जन्माला यायचाय."

इतकी छान सुरुवात झाली, आणि दुसऱ्याच दिवशी माझ्या मार्गदर्शक मॅडमनी फर्मान काढलं. तो मला रोज एक बाटली देणार. कधी रिसेप्टर बंद करणारं औषध घातलेली, कधी नुसत्या द्रावणाची. कुठल्या दिवशी काय, ते पाकिटात बंद. मला आधी कळलं तर मी नकळत मनासारख्या पेशी निवडीन! "म्हणून बारा दिवस एकमेकांशी अवाक्षर नाही," मॅडम म्हणाल्या. "नजरेनंसुद्धा नाही."

बघा माझं नशीब! बोलावंसं वाटणारा माणूस भेटला आणि तोंडाला कुलूप. रोज नऊला तो बाटली ठेवायचा, तेव्हा दोघंही छताकडे बघायचो. सफाईवाल्या मावशींनी एकदा विचारलंसुद्धा, "गळतंय का गं?"

नवव्या दिवशी त्याच्या मास्कची दोरी तुटली. माझी नजर घसरली... तो हसत होता. अगदी कानापर्यंत!

त्या दिवशी सहा पेशी मिळाल्या. सहाही ॲसिटिलकोलिनला कशा झकास जाग्या झाल्या! पण मग मला शंका आली. 'आज साधं द्रावण आहे,' असं तर ते हसू सांगत नव्हतं? हा दिवस बाद झाला तर आकडे कमी पडणार आणि प्रबंधाची मुदत हुकणार. गप्प बसले असते तर कुणाला कळलंही नसतं. तीन दिवस बसलेही. पण बाराव्या दिवशी, पाकीट फोडायच्या आधी, मॅडमसमोर सगळं भडाभडा ओकून टाकलं.

मॅडमनी त्याला बोलावलं. "नवव्या बाटलीला हसलास?"

त्याचे कान लालबुंद. "हो... पण दहाव्यालाही."

"आठव्याला?"

"तिलाही. पहिलीपासून सगळ्यांनाच. मास्कमुळे दिसलं नाही."

"औषधाच्या बाटलीला आणि साध्या बाटलीला, सारखंच?"

"बाटलीकडे कोण बघतंय, मॅडम?"

माझ्या हातातून वही पडली. मॅडमचं मात्र गणित चालू होतं.

"दोन्हींना सारखंच हसलास, म्हणजे हसण्यावरून औषध ओळखता येत नाही. नववा दिवस धरायचा!" त्यांनी वही उचलून लिहिलं: 'बाटली देणारा बाराही दिवस हसत होता. कारणाचा औषधाशी संबंध नाही.' मग वही आमच्यापुढे सरकवली. "दोघांनी सह्या करा."

आम्ही केल्या. पाकीट फुटलं. औषधाच्या दिवशी पेशी थंड, साध्या दिवशी जाग्या. प्रबंध वाचला! आणि खरं सांगते, मला त्याचं काहीच वाटलं नाही... कारण तो शेजारी उभा होता.

"आता बोलायला हरकत नाही," मी हळूच म्हटलं.

"बारा दिवसांचं साचलंय... कुठून सुरू करू?"

"शेवटापासून करा."

त्यानं मास्क खाली ओढला. "आवडतेस मला. खूप."

"मलाही तू!" मी म्हटलं, आणि ते इतक्या मोठ्यानं, की मॅडमनी आकड्यांतून मान वर न काढता दोघांनाही खोलीबाहेर हाकललं.