परतीचं घर

बुद्धिबळाच्या पटावर नवी सोंगटी आणणं म्हणजे भरल्या घरात नवा माणूस आणण्यासारखं. फार जोरकस निघाला तर बाकीचे कोपऱ्यात जातात; अगदीच मवाळ निघाला तर त्याच्या असण्या-नसण्याने काही अडत नाही. खेळणी बनवणाऱ्या कारखान्यात माझं काम तेच: नवी सोंगटी शोधायची आणि तिचं बळ तोलून बघायचं. तोलताना समोर बसायची माझी वहिनी. ती शाळेत बुद्धिबळ शिकवते आणि हरणं तिला मुळीच सोसत नाही.

त्या वर्षी मी 'पाहुणा' काढला. राखाडी रंगाचा, कुणाच्याच बाजूचा नाही. त्याने मारायचं नाही, त्याला मारायचं नाही. नुसतं एक घर अडवून बसायचं. आपली खेळी सोडून कुणीही त्याला हलवावं. पण जो आधी हलवायचा, तो समोरच्या राजाला कोंडूनच टाकायचा. चाल एका घरापुरती छाटली, तर पाहुणा नुसता शोभेचा झाला.

"नव्याचे नऊ दिवससुद्धा टिकायचा नाही हा," कारखान्याचे साहेब म्हणाले. ते स्वतः पट्टीचे खेळाडू. "प्रदर्शनात मला याच्यासह एक डाव खेळवून दाखवा. रंगला नाही, तर आपण आपले साधे पट विकू आणि तुम्ही जा विक्री खात्यात."

दुसऱ्या दिवशी दुपारी वहिनीच्या जेवणाच्या टेबलावर डाव मांडला. वहिनीने माझा उंट मारला आणि चहा ओतायला उठली. मी खिडकी लावून आलो, तर पाहुणा भलत्याच घरात.

"वहिनी, तू हलवलास?"

"मी कशाला? माझा हात किटलीला होता. तूच विसरला असशील."

पुन्हा तेच झालं. मी पंखा बंद केला, टेबल डुगडुगतंय का पाहिलं, पट बदलला. शेवटी दादाला पहाऱ्यावर बसवलं. वहिनीने प्यादं मारलं, दादा शिंकला, आणि तेवढ्यात पाहुणा सरकला होता.

"फक्त शिंकलो रे," दादा म्हणाला. त्याने खुर्ची थोडी मागे घेतली.

किटलीचं झाकण थडथडत होतं. गॅस बंद करायला कुणी उठेना.

"तो वाटेल तिथे जात नाही," वहिनी हळूच म्हणाली. "मारणारा ज्या घरातून उठतो ना, तिथे जाऊन बसतो."

मी पटाकडे बघतच राहिलो. मारायला गेलेल्याची परतीची वाट बंद. मी डोकं फोडून शोधत होतो ते हेच.

"हाच नियम करू!"

मग नियमाप्रमाणे आम्हीच त्याला हलवू लागलो, तसं त्याचं आपणहून सरकणं थांबलं. कधी पांढरे जिंकायचे, कधी काळे. शेवटच्या प्याद्यापर्यंत कुणाचं पारडं जड ते कळायचं नाही. वहिनी हरली आणि चक्क हसली.

प्रदर्शनात टेबलाभोवती गर्दी झाली. साहेबांनी वजिराने वहिनीचा घोडा टिपला, लोकांकडे बघून हसले, आणि पाहुणा हलवायला हात पुढे केला.

पाहुणा आधीच तिथे होता.

"तुम्ही हलवलात?"

वहिनीने मांडीवरचे दोन्ही हात वर करून दाखवले.

साहेब खेळत राहिले. पण वजिराला मागे यायला घर नव्हतं. वहिनीने तो घेरला, मारला, आणि मग राजाला गाठलं.

"मात."

साहेब उठले. घाम पुसला.

"हरलो! पण झकास हरलो. हेच बनवा!"

टाळ्या थांबेनात. दादाने मला उचलूनच घेतलं.

कारखान्यातून पहिल्या पेट्या घरी आल्या. वहिनीने सील फोडलं, एकेक सोंगटी हातात घेऊन उलटसुलट पाहिली. प्रत्येकीच्या तळाला हिरवी मखमल, कोरी, लवदार.

पाहुण्याची झिजली होती. आतलं लाकूड गुळगुळीत होऊन चमकत होतं.

दादाने दुसरी पेटी फोडली. तिच्यातल्याचीही.