पाचवी जोडणी

गॅरेजचे मिस्त्री त्या दुपारी फार खुशीत होते. निदान लोकांना तसं दिसावं, अशी त्यांची धडपड होती. खरं म्हणजे महिन्याभरापासून डोळ्यांपुढे धुकं दाटत होतं आणि हे बायकोलासुद्धा ठाऊक नव्हतं. दिसत नाही म्हटल्यावर गाडी कोण देणार हातात? झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणून ते शिट्टी वाजवत काम करत.

तेवढ्यात एक नर्सबाई आचके देणारी जुनी गाडी घेऊन आल्या.

"कालच घेतली हो. अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढला की बंद पडते. आत काय काय सुटून लोंबतंय बघा."

"बसा सिस्टर. बघतो."

बघतो म्हणाले खरे, पण बॉनेट उचललं तर आत नुसता काळोख. जळकं ऑइल, तापलेलं रबर आणि त्यातच, कोण जाणे कुठून, लवंगेचा वास. असं दिसेनासं झालं की मिस्त्री डोळे मिटून हातांवर भिस्त ठेवत.

ही विद्या सासऱ्यांची. गॅरेज मूळचं त्यांचंच. माणूस महातिरसट, गालात कायम लवंग, करंगळीचं एक पेर कधीकाळी पंख्यात गेलेलं. मुलगी मागायला आलेल्या या गड्याच्या डोळ्यांवर त्यांनी फडकं बांधलं, याच जातीच्या गाडीच्या पाच जोडण्या सोडवल्या आणि म्हणाले, "हातानं ओळख!" चार ओळखता आल्या. पाचवी काही केल्या येईना. "राहू दे जावईबापू, मग कधीतरी विचार," म्हणत त्यांनी मुलगी दिली. तशी गाडी पुन्हा गॅरेजकडे फिरकली नाही, आणि सासऱ्यांना जाऊनही सहा वर्षं झाली. विचारायचं राहूनच गेलं.

बोटांना पहिली नळी लागली. तोंडाशी चिंधी, चिंधीला अर्धी गाठ. मिस्त्रींचा हात थबकला. तशी गाठ एकच माणूस मारायचा.

"कार्बोरेटरची हवेची नळी..." पुटपुटत त्यांनी ती बसवली.

"हं."

सिस्टर असतील. पण सिस्टर तर दूर दारातल्या बाकावर फोनवर बोलत होत्या.

"ही... पंख्याची पिन."

"हं."

"ही उष्णतेच्या काट्याची वायर... ही दिव्यांची अर्थिंग..."

"हं..." आता अगदी कानाशी.

उरली एक बारीक वायर, टोकाला पितळी पट्टी. तीच ती, पाचवी. मिस्त्रींनी सगळीकडे चाचपून पाहिलं, जागा सापडेना. हीच अडली तर आज मूठ उघडी पडणार होती.

"सांगा ना... आता तरी..."

मनगटावर एक हात पडला. थंड, खरखरीत, करंगळीचं पेर नसलेला. त्याने ओढलं नाही, हळूच नेलं, कार्बोरेटरच्या मागे, खाली, एका इवल्याशा विजेच्या झडपेपाशी. पट्टी अलगद बसली.

"चावी फिरवा, सिस्टर..."

इंजिन सुरू झालं आणि सुरूच राहिलं, संथ, एका लयीत. मिस्त्रींच्या अंगावर सर्रकन काटा आला. भीती वाटलीच, नाही कशी. पण तिच्याहून मोठं काहीतरी छातीत मावेना. त्यांनी त्या गरम इंजिनापुढे मान लववली. गेलेल्या माणसाने दिलेला शब्द पाळला होता.

"कमाल आहे हं तुमची!" सिस्टर जवळ येत म्हणाल्या.

"डोळे मिटून केलं, सिस्टर!" मिस्त्रींना राहवलं नाही. "सासऱ्यांची शिकवण."

सिस्टर त्यांच्या चेहऱ्याकडे निरखून बघू लागल्या. मग अगदी हळू, पेशंटशी बोलावं तसं, त्यांनी विचारलं, "मिटून? डोळे तर उघडेच आहेत तुमचे... इकडे बघा बरं. किती बोटं आहेत ही?"

मिस्त्रींनी पापण्यांना हात लावून पाहिला. उघड्याच होत्या, आणि तरी समोर नुसता काळोख.

बाहेर दुसऱ्या गाडीचा हॉर्न वाजला. मनगटावरच्या हाताने त्यांना अलगद तिकडे वळवलं.