निळ्या बाटलीतला एक थेंब

दादाचं लग्न झालं, त्याच वर्षी मी विमानांच्या हँगरमध्ये बोल्ट धुवायच्या कामाला लागले. पहिल्याच आठवड्यात एक उंच मेकॅनिक आला आणि मी धुतलेला बोल्ट त्यानं माझ्याच टेबलावर परत ठेवला. म्हणाला, यावर तुमच्या बोटांचं तेल आहे, बोल्ट पक्का धरणारं औषध चिकटणार नाही.

सकाळीच डोक्याला तेल लावलं होतं... मी वेणी मागे टाकली – आणि तो हसला.

त्याला सगळे 'एकथेंब्या' म्हणायचे. विमान थरथरलं की बोल्ट सैल होतात, म्हणून आट्यांना तो औषधाचा थेंब लावायचा, एकच. पुन्हा उघडायचं असेल तिथे निळं, कायमचं बसवायचं तिथे लाल. लाल मग आच दिल्याशिवाय सुटत नाही. जिथे पिन घालून नट अडवायचा, तिथे औषध नाहीच. आणि प्लास्टिकजवळ तर तो बाटलीही नेऊ द्यायचा नाही, प्लास्टिक तडकतं म्हणून. एवढं सगळं मला समजावायचा, हातमोजे आणून द्यायचा. पण कामापलीकडे शब्द काढायचा नाही. मी आपली वाट बघतेय...

तेवढ्यात दादाची बदली झाली. शनिवारी सगळ्यांनी निघायचं ठरलं. वहिनीनं हळूच विचारलं, इथं तुला अडवणारं कुणी आहे का? काय सांगणार!

गुरुवारी माझ्या चष्म्याचा स्क्रू पडला. त्यानं गुडघे टेकून तो शोधला. उद्या शेवटचा दिवस ना, म्हणाला. मी हो म्हटलं. मग स्क्रू बसवला, निळ्याचा एक थेंब सोडला. आणि चष्मा स्वतःच माझ्या कानांवर ठेवला.

सकाळी चष्मा उचलला, तर काडी तडकून हातात आली. माझा चष्मा प्लास्टिकचा होता.

दोन्ही तुकडे मी त्याच्यापुढे ठेवले.

"तुमच्या हातून, आणि ही चूक?" मी म्हटलं. "लक्ष कुठं होतं?"

तो कानापर्यंत लाल झाला. "तुमच्याकडे..." म्हणाला. "जाऊ नका."

"चष्म्याशिवाय मला गाडी तरी कुठे दिसणार?"

दादा फुरंगटला, वहिनी मात्र खुशाल हसत बसली.

पोरं मोठी झाल्यावर यांनी मला अक्षरं शिकवली. वाचायला पहिलं वाक्य लिहून दिलं – 'प्लास्टिकला लावू नये.'

मागच्या हिवाळ्यात, धाकटी नात शाळेत जायला लागली त्याच आठवड्यात, हे गेले.