चौथ्या मजल्याचं पाणी

दर सोमवारी सकाळी नऊ वाजता पंपमामा कारखान्यातल्या आग विझवायच्या पंपांची चाचणी घेत. आधी विजेचा पंप दहा मिनिटं, मग डिझेलचा अर्धा तास. दाबाचा काटा सातवर टिकला की त्यांचा जीव भांड्यात पडे. वर्षानुवर्षं कामी न आलेली ही धुडं ते पोटच्या पोरासारखी जपत. आपलं काम कुणाच्या लक्षात येत नाही तोवर सगळं ठीक आहे, असं ते म्हणत, आणि खरंच कुणाच्या लक्षात येत नसे.

पंप थांबले की बादली घेऊन ते मजले चढत. प्रत्येक मजल्यावर, आग लागताच आपोआप सुटणाऱ्या छतातल्या फवाऱ्यांच्या नळीच्या टोकाला चाचणीची तोटी होती. ती उघडायची, घंटा वाजते का ऐकायचं, बादलीभर पाणी सोडायचं. नळीत कोंडलेलं पाणी काळं, लोखंडाचा वास मारणारं आणि गार येतं. बावीस वर्षं तसंच येत होतं.

एका सोमवारी चौथ्या मजल्यावर ते कोमट आलं.

तिसऱ्यावर गार, पाचव्यावर गार. टाकी एक, नळी एक. आसपास बॉयलर नाही, गरम पाण्याची लाइन नाही. पुढच्या सोमवारी मामा थर्मामीटर घेऊन गेले. एकेचाळीस अंश. त्याच्या पुढच्या सोमवारी त्रेपन्न. नळी मात्र बाहेरून गारच होती. पाण्याला करपलेल्या कापडाचा वास येत होता.

चौथ्या मजल्यावर शिलाईखातं होतं. तिथे दारापासून सगळ्यांत लांबच्या मशीनवर मामांची ताई बसे. आई गेल्यावर तिनेच त्यांना लहानाचं मोठं केलं होतं.

त्यांनी वायरिंग तपासून घेतलं, दाराजवळचे कापडाचे गठ्ठे हलवायला लावले. बायकांना सांगून पाहिलं, त्या हसल्या. मॅनेजरनेही ऐकून घेतलं.

"गरम पाणी येतंय ही तक्रार पहिल्यांदाच ऐकतोय, मामा," तो म्हणाला. "लोक गार येतं म्हणून भांडतात."

चौथ्या सोमवारी अडुसष्ट. बादलीतून वाफ निघत होती. वासात आता कापडाखेरीज आणखीही काही होतं. केस जळल्याचा वास कुणालाही ओळखता येतो.

मामा बादली तिथेच टाकून ताईच्या मशीनपाशी गेले.

"ताई, पुढच्या सोमवारपासून येऊ नकोस."

तिने टाक्यावरची नजर काढली नाही. "डोकं ठिकाणावर आहे का तुझं? दीड वर्षात रिटायर होतेय मी."

"माझ्यासाठी."

"लहानपणी माझं डोकं खाल्लंस ते पुरलं नाही वाटतं," ती म्हणाली. मग तिने वर पाहिलं, त्यांचा चेहरा पाहिला आणि मशीन थांबवली. "बरं. नाही येत."

शनिवारी तिने राजीनामा दिला.

पाचव्या सोमवारी मामांनी तोटी उघडली. घंटा वाजली. पाणी आलं.

काळं. गार.

थर्मामीटर तेवीस दाखवत होता. मामा जिन्याच्या पायरीवर बसले आणि पोटभर रडले. इतकं हलकं त्यांना कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

काम संपवून ते थेट ताईकडे गेले. दोन खोल्यांचं घर, ती एकटीच राही. दार उघडलं तेव्हा तिच्या गळ्यात मापाची पट्टी होती. घरच्या मशीनवर तिने कुणाचं तरी काम काढलं होतं.

"आलास? बरं वाटतंय रे घरी," ती म्हणाली. "हातपाय धुऊन घे. जेवूनच जा."

मामांनी बेसिनचा नळ सोडला.

हात भाजला.

"ताई, गीझर चालू आहे का?"

"माझ्याकडे कुठला आलाय गीझर?" ती आतून म्हणाली.

त्यांनी नळीला बाहेरून हात लावला. गार होती.

वाफ तोंडावर आली. तोच वास.

आत शिलाई मशीन पुन्हा सुरू झाली. मामांनी मान वर केली. छत पांढरं, कोरं होतं. त्यात एकही फवारा नव्हता.