नाव घेऊन उठवायचं असतं

कलावती राणी होऊन महिपती अठरा वर्षं रंगमंचावर मेला होता. इंदापूरच्या तंबूत बायका तोंडाला पदर लावून हुंदके द्यायच्या. मग बोलपट आले, कंपनी बुडाली, आणि छत्तीस साली त्याच कंपनीत पेटी वाजवणाऱ्या सावळारामला त्याच नाटकाचा बोलपट काढायची हुक्की आली. तोही आजच्या काळातला, खुनाचा. राजाचा बारामतीचा गुळाचा अडत्या झाला, विष उसाच्या रसात गेलं, शेवटच्या आकाशवाणीच्या जागी फौजदार आला. राणी मात्र पुण्याहून आणलेली खरीखुरी बाई, विजयमाला. तिला मरायला शिकवायचं काम महिपतीला दिलं. केवढा तो मान!

पिंपळीच्या गुऱ्हाळावर भर दुपारी मरणाचा प्रसंग घ्यायचा होता. महिपतीनं तिला सगळं शिकवलं. मान कुठं कलते, श्वास कुठं लपवायचा, बोटं एकेक करून कशी सुटतात. एक तेवढं कुणालाच सांगितलं नाही. पडदा पडला की कंपनीत कुणीतरी मेलेल्या राणीच्या कानाशी बसून नटाला त्याच्या नावानं तीनदा हाक मारायचं. त्यानं ओ दिल्याशिवाय त्याला कुणी हात लावत नसे. का, ते कुणी विचारत नसे.

'माझी जागा घेतलीस ना? मग ऊठ आता आपली आपण,' असं त्याच्या मनात आलं होतं. आपण इतके कडवट झालोय, याची त्याला लाजही वाटली नाही.

विजयमाला फार सुरेख मेली. चित्रीकरणाची यंत्रं थांबली. ती उठली नाही.

आधी सगळे हसले. मग हसू ओसरलं. तिची छाती हलत होती, डोळे उघडे होते, पण डोळ्याच्या कडेला माशी बसली तरी पापणी लवेना. बाहेर कढईखाली जाळ धडधडत होता आणि तिचे हात गारठले होते.

 महिपती तिच्या बाजेशी धावला.

"विजयमाला! विजयमाला! विजयमाला!"

काही नाही.

गुऱ्हाळवाल्याची बायको रंगूबाई दारातून बघत होती. "आवो, ह्ये तर जाहिरातीतलं नाव हाय. घरी काय म्हणत्यात हिला?"

महिपतीनं सावळारामकडं पाहिलं.

"हे नाव मीच ठेवलं," सावळाराम पुटपुटला. "मूळचं कधी विचारलंच नाही."

तेवढ्यात तिचा हात हलला आणि दोन बोटांनी तिनं खांद्यावरचा पदर चिमटीत धरला. ही लकब महिपतीनं तिला शिकवली नव्हती. ती त्याची स्वतःची होती.

सावळाराम घाबरून ओरडला, "महिपतराव, काहीतरी करा! महिपतराव! अहो महिपतराव!"

महिपतीनं तोंड उघडलं. आवाज फुटला नाही.

"ओ," बाजेवरून उत्तर आलं.

ती उठून बसली. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. रंगूबाईनं चहा आणला. सावळारामनं पहिला पेला तिच्या हातात दिला.

"घ्या, महिपतराव," तो म्हणाला, आणि कुणीही हसलं नाही.