घळीतला गुरू

ऑस्ट्रेलियातल्या ब्लू माउंटन्समधल्या एका खोल घळीत फुलांतला मध पिणारा एक म्हातारा रीजंट पक्षी अजून आपल्या जातीचं अस्सल गाणं गात होता. त्याला जिवंत धरून न्यायला नेरिडा कॉयल दोरावरून खाली उतरत होती.

नेरिडा पक्ष्यांच्या मेंदूचा अभ्यास करायची. रानात रीजंट इतके विरळ झाले होते, की तरण्या नरांच्या कानावर आपलं गाणं पडतच नसे. ते भलत्याच पक्ष्यांची बोली उचलत आणि माद्या पाठ फिरवत. नेरिडाच्या पिंजऱ्यातल्या पिल्लांच्या मेंदूत गाणं रुजायचे थोडेच आठवडे उरले होते. ध्वनिमुद्रणाला पिल्लं दाद देत नव्हती. त्यांना जिवंत गुरू हवा होता!

“सावकाश उतर गं! तुझा मेंदू सांडला तर मी गोळा करणार नाही,” खालून डल्सी ओरडली. या कड्यांवर उभी हयात काढलेली डल्सी तिची वाटाडी होती.

दोघी तळाच्या ओढ्यात उतरल्या आणि वरच्या अंगाला गडगडाट झाला.

“पाणी! वर चढ!” डल्सी किंचाळली.

लाल लोंढा आला. डल्सीचा पाय निसटला. नेरिडाने तिचा पट्टा धरला. खांद्यातून कळ गेली. तिने पकड सोडली नाही! रेटून, ओढून तिने डल्सीला कपारीत घेतलं.

“हात उखडलास माझा,” नेरिडा धापा टाकत म्हणाली.

“मी बारीक असल्याचं तुला कोणी सांगितलं होतं?”

ऊन पडलं तशी त्यांनी निलगिरीच्या फुलोऱ्यापुढे जाळी लावली. म्हातारा अलगद सापडला. नेरिडाच्या मुठीत त्याचं काळीज धडधडत होतं.

तेवढ्यात फांदीवरून एक कोवळा रीजंट अडखळत पुटपुटला. म्हाताऱ्याचेच सूर! अर्धवट, मोडके, बाळाच्या बोबड्या बोलासारखे.

“हा याच्याकडून शिकतोय, डल्सी. आत्ता याला नेलं तर...”

“आणि तुझी पिल्लं?”

नेरिडाचे डोळे भरून आले. तिने मूठ उघडली. म्हातारा उडाला आणि रुसल्यासारखा पिसं झटकत फांदीवर बसला. मग गायला. कोवळ्याने मान तिरकी करून ऐकलं.

“गुरू येत नसेल तर शाळा इथं आणू,” डल्सी म्हणाली.

“पिंजरा? या कड्यावरून?”

“तुला ओढायचं जमतं, मला बांधायचं. ऊठ!”

पुढच्याच आठवड्यात दोराला बांधलेला पिंजरा हेलकावे खात घळीत उतरला. आतली पिल्लं भेदरून चिवचिवत होती. वर म्हाताऱ्याने तान घेतली आणि ती एकदम चिडीचूप झाली.