टिटवीला फाइल सापडेना

‘फाइल सापडली नाही.’

टिटवीच्या छातीवरच्या पडद्यावर एवढेच तीन शब्द उमटले आणि तिची सहाही चाकं जागच्या जागी थबकली. कृतिका डोळे विस्फारून पडद्याकडे बघत राहिली. सापडली नाही म्हणजे काय? होती की फाइल! तासाभरापूर्वी कृतिकाने स्वतःच्या हाताने ती टिटवीच्या स्मृतीत ठेवली होती.

टिटवी म्हणजे रोव्हर (परक्या जमिनीवर फिरून पाहणी करणारी यंत्रगाडी). तिची जुळी बहीण चंद्रावर जाऊन पोचली होती, आणि लोणारच्या विवराजवळच्या माळावर आज टिटवीवर शाळकरी मुलांच्या स्क्रिप्टची परीक्षा चालली होती. स्क्रिप्ट म्हणजे संगणकाने ओळीमागून ओळ पाळायच्या सूचना. लोणारचा काळा दगड चंद्रावरच्या काळ्या दगडाच्या नात्यातला, म्हणून ही जागा. जी स्क्रिप्ट इथे बिनचूक चालेल, ती बरोबर चार वाजता चंद्राकडे पाठवली जाणार होती. राहिली, तर पुढच्या वर्षीपर्यंत थांबायचं.

आता तीन वाजून दहा मिनिटं झाली होती.

कृतिकाच्या स्क्रिप्टचं नाव ‘टणटण’. तिचे आबा, म्हणजे आजोबा, पाथरवट. पाटे-वरवंटे घडवण्यात त्यांचा जन्म गेला होता. दगडावर हातोडी मारून, नुसत्या आवाजावरून ते सांगत, हा आतून अखंड आहे की चिरलेला. अखंड दगड ‘टण्ण’ वाजतो, चिरलेला ‘थड’ करतो. कृतिकाने आबांकडून दोनशे बारा दगड वाजवून घेतले आणि त्यांचे कंप एका फाइलमध्ये साठवले. चंद्रावर हवा नाही, त्यामुळे आवाज कानावर येणार नाही. पण दगडाचा कंप हातोडीच्या दांड्यातून रोव्हरच्या अंगात पोचतोच! घरं बांधायला चांगले दगड कुठले, हे मग टिटवीची बहीण ओळखू शकणार होती.

फक्त ती फाइल सापडायला हवी होती.

कृतिकाने फाइलचं नाव अक्षर न् अक्षर तपासलं. ‘दगड’. बरोबर. ती ‘नमुने’ नावाच्या फोल्डरमध्ये (फाइली ठेवायच्या कप्प्यात) होती. तेही बरोबर. स्क्रिप्टमध्ये तिने लिहिलं होतं, ‘नमुने’मध्ये जा, ‘दगड’ उघड. तिने तीच स्क्रिप्ट आपल्या लॅपटॉपवर चालवली. झटक्यात चालली.

“इथे चालते आणि तुझ्यावर का नाही?” ती टिटवीवर जवळजवळ ओरडलीच.

“मला सांगितलं तिथेच मी शोधलं,” टिटवी शांतपणे म्हणाली.

परीक्षेच्या प्रमुख डॉ. फरहाना शेख बाजूलाच उभ्या होत्या. “मॅडम, सांगा ना काय चुकलं,” कृतिका म्हणाली.

“चूक तुझी तूच शोधायची, असा नियम आहे. पण प्रश्न कितीही विचार. मला विचार, टिटवीला विचार.”

काय विचारायचं तेच कृतिकाला कळेना. तिचे डोळे भरून आले. एवढ्यात बाभळीखाली सतरंजीवर बसलेल्या आबांनी टिटवीला हाक मारली. नातीचं काम अडलंय, तोवर आपण दगड वाजवून दाखवावेत असं त्यांच्या मनात आलं होतं.

“ए टिटवे, समोरच्या झाडाखाली माही हातोडी हाय. आन बरं!”

आबांच्या समोर कडुनिंब होता. टिटवीचं तोंड मात्र उलट्या दिशेला होतं. ती आपल्या समोरच्या पळसाकडे सरसर गेली, बुंध्याभोवती फिरली आणि म्हणाली, “हातोडी सापडली नाही.”

आबा खो खो हसले. “अवं, तुह्या समोरच्या नाही, माह्या समोरच्या!”

कृतिका ताडकन उभी राहिली. तेच शब्द! हातोडी हरवली नव्हती. टिटवीने तिला सांगितलेलंच ऐकलं होतं. फक्त ‘समोर’ म्हणजे कोणाच्या समोर, हे कुणी सांगितलंच नव्हतं!

“टिटवी! माझी स्क्रिप्ट चालवताना तू कुठल्या फोल्डरमध्ये उभी असतेस?”

“मी प्रत्येक स्क्रिप्ट ‘प्रवास’ या फोल्डरमध्ये उभी राहून चालवते.”

“आणि ‘नमुने’ कुठे शोधलंस?”

“‘प्रवास’च्या आत. तिथे ‘नमुने’ नाही. ते ‘टणटण’ या फोल्डरच्या आत आहे.”

“मिळालं!” कृतिकाने टाळी वाजवली. घरी ती नेहमी आधी ‘टणटण’ फोल्डर उघडायची आणि तिथूनच स्क्रिप्ट चालवायची. त्यामुळे ‘नमुने’ कायम तिच्या समोर असायचं.

डॉ. फरहानांचेही डोळे चमकले. “फाइलपर्यंत पोचायच्या पत्त्याला फाइल पाथ म्हणतात. तू दिलास तो सापेक्ष पत्ता (उभ्या जागेपासून मोजलेला). उभं राहायची जागा बदलली की तो चुकतो.”

“मग मी संपूर्ण पत्ता देते, अगदी मुळापासून!” कृतिकाने भराभर लिहिलं: ‘घर’मध्ये जा, ‘कृतिका’मध्ये जा, ‘टणटण’मध्ये जा, ‘नमुने’मध्ये जा, ‘दगड’ उघड.

टिटवी क्षणभर घुमली. ‘फाइल सापडली नाही.’

“अरे हो!” कृतिकाने कपाळावर हात मारला. “हा माझ्या लॅपटॉपमधला पत्ता झाला. तुझ्यात ‘कृतिका’ नावाचं फोल्डर कुठून असणार? थांब, तुझा पत्ता देते.”

“देता येईल,” डॉ. फरहाना म्हणाल्या, “आणि इथे स्क्रिप्ट चालेलही. पण चंद्रावरच्या रोव्हरमध्ये फोल्डरांची रचना वेगळी आहे, आणि ती मी तुला सांगू शकत नाही.”

तीन वाजून बत्तीस मिनिटं.

कृतिका मातीत काडीने चौकोन काढू लागली. एक लॅपटॉप, एक टिटवी, एक चंद्र. बाहेरचं सगळं तिन्हीकडे वेगळं. मग तिन्हीकडे सारखं काय? तिने प्रत्येकात ‘टणटण’ काढलं, आणि त्याच्या पोटात स्क्रिप्ट आणि ‘नमुने’. काडी थांबली. स्क्रिप्ट आणि ‘नमुने’ तर सगळीकडे शेजारीच होते! ‘टणटण’ कुठेही नेऊन ठेवा, त्यांचा शेजार तुटत नव्हता.

“मॅडम, स्क्रिप्टला स्वतःचा पत्ता कळतो का? ती स्वतः कुठे ठेवलीय, हे तिला विचारता येतं?”

“येतं की!” डॉ. फरहाना इतक्या मोठ्याने म्हणाल्या की आबा दचकले. “ही सोय तर प्रोग्रामिंगच्या भाषेतच असते.”

कृतिकाची बोटं धावू लागली. आधी बघ, ही स्क्रिप्ट कोणत्या फोल्डरमध्ये आहे. मग त्याच फोल्डरमधल्या ‘नमुने’मध्ये जा. मग ‘दगड’ उघड. शिवाय तिने एक जादा ओळ घातली: फाइल नाहीच मिळाली, तर नेमकी कुठे शोधली तो सगळा पत्ता सांग.

टिटवी घुमली. तिची चाकं फिरली. ती माळावरच्या पहिल्या दगडापाशी गेली आणि तिची लहानशी हातोडी खाली आली. टण्ण!

“अखंड,” टिटवी म्हणाली.

“अखंड!” आबा बसल्या जागेवरून म्हणाले.

दुसरा दगड थड वाजला. “चिरलेला,” दोघं एकदमच बोलले. सहाव्या दगडापर्यंत तर आजूबाजूची सगळी मुलं गोळा होऊन मोजू लागली होती, आणि दहाच्या दहा दगडांबद्दल दोघांचं उत्तर जुळलं तेव्हा माळावर एकच गलका झाला.

त्या गलक्यात चिखलीहून परीक्षेला आलेली दीक्षा तेवढी सामील नव्हती. ती डोकं धरून बसली होती. कृतिकाने तिच्या लॅपटॉपवर नजर टाकली. पडद्यावर तेच तीन शब्द होते. नियम आठवून कृतिकाने उत्तर सांगितलं नाही. तिने फक्त विचारलं, “दीक्षा, तुझी स्क्रिप्ट कुठे उभी राहून शोधतेय?”

दीक्षाने वर बघितलं. मग ती घाईघाईने टाइप करू लागली.

चार वाजता परीक्षेच्या तंबूवरची तबकडी (संदेश पाठवणारी अँटेना) चंद्राकडे वळली. रेडिओलहरी सव्वा सेकंदात चंद्रावर पोचतात. पण तिथल्या रोव्हरला स्क्रिप्ट तपासायला मिनिटभर लागलं. मग तंबूतल्या पडद्यावर ओळ उमटली: ‘टणटण. दोनशे बारा नमुने वाचले. कामाला तयार.’ तिच्याखाली लगेच दीक्षाच्या स्क्रिप्टचं नाव आलं. दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून नाचू लागल्या.

“मंग तिथला पयला दगड कवा वाजते?” आबांनी विचारलं.

“उद्या सकाळी,” डॉ. फरहाना म्हणाल्या. “कंप इथे आला की तो तुमच्याच फाइलमध्ये जाईल.”

कृतिकाने लगेच ‘दगड’ उघडली आणि यादीच्या शेवटी एक रिकामी ओळ घातली. दोनशे तेरा. ठिकाण: चंद्र.

आबा तिच्या खांद्यावरून वाकून त्या रिकाम्या ओळीकडे बघत होते. “आपला तो टण्ण करते,” ते म्हणाले. “तिथला कसा वाजते, ते मले पयले ऐकव, माय.”